मदत हवी आहे: गीझरच्या टाकीतून बायोडिझेलचा रिअ‍ॅक्टर करतोय, टाकी सरळ ठेवू की उलटी?

मंडळी, तळणीच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल घरीच करतो, आणि आत्तापर्यंत सगळं काम एका पत्र्याच्या ड्रममध्ये, ड्रिल मशीनला लावलेल्या रवीवर चाललंय. इंधन बनतं, पण तेल आणि मिथेनॉलची रिअ‍ॅक्शन पूर्ण होत नाही. ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकून हलवायची टेस्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, एस्टर (म्हणजेच तयार बायोडिझेल) मिथेनॉलमध्ये विरघळतं, न बदललेलं तेल विरघळत नाही. माझ्या बाटलीत दर वेळी तळाला पिवळसर थेंब जमतोच, बाटली तिरकी केली की काचेवरून सावकाश घरंगळत जातो, म्हणजे तेल शिल्लक आहे यात शंका नाही.

टायट्रेशन (वापरलेल्या तेलात आम्ल किती ते मोजणं) प्रत्येक बॅचला करतो, तेल आधी तापवून पाणी काढतो, रिअ‍ॅक्शन घडवणारं कॉस्टिक पोटॅश लिटरमागे ७ ग्रॅम अधिक टायट्रेशनचा आकडा, मिथेनॉल तेलाच्या २० टक्के. त्यामुळे दोष मापात नसून ढवळण्यात आणि झाकणात आहे असं माझं ठाम मत झालंय. रवी मधोमध फिरते, कडेचं आणि तळाचं तेल तसंच राहतं, आणि दांड्यासाठी झाकणाला जे भोक ठेवावं लागतं त्यातून मिथेनॉल उडून जातं. मिथेनॉल उकळतं ६४.७ अंशाला, आपण काम करतो ५५ च्या आसपास, म्हणजे वाफ भरपूर होणारच, आणि ही रिअ‍ॅक्शन उलटीही फिरते त्यामुळे मिथेनॉल कमी पडलं की अर्ध्यावर अडकते. शिवाय ड्रिलचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात. मिथेनॉलची वाफ हवेत ६ टक्क्यांपासून ३६ टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकते आणि तिची ज्योत उजेडात नीट दिसतसुद्धा नाही. ड्रिल आता बंदच करायचंय.

तर जुना २५ लिटरचा स्टोरेज गीझर मिळालाय. आतून ग्लास लायनिंग, बाहेरून पफ (उष्णता धरून ठेवणारा फोम) शाबूत, गळती नाही. हिशोब असा की १८ लिटर तेल आणि या वेळी २२ टक्के म्हणून ४ लिटर मिथेनॉल, एकूण २२ लिटर, वर थोडी जागा राहते. मॅग्नेशियमचा रॉड काढून टाकलाय, कारण मिथेनॉल मॅग्नेशियमवर क्रिया करून हायड्रोजन सोडतं. आत तेल फिरवायला इंडक्शन मोटरचा छोटा पंप लावणार, त्याच्या मोटरीत ब्रश नसतात.

आता खरी अडचण. गीझर सरळ टांगला की दोन्ही पाइप खालीच असतात. एक आखूड, गार पाण्याचा, तळाशीच संपतो. दुसरा लांब, गरम पाण्याचा, आतून पार वरपर्यंत गेलेला. आखूड पाइपातून ओढायचं आणि लांब पाइपातून वर सोडायचं, म्हणजे फिरवण्याची सोय आयतीच झाली. पण मग वाफ बाहेर काढायला वर काहीच उरत नाही. टाकीला वरून भोक पाडलं तर लायनिंग तडकणार आणि तिथून गंज सुरू होणार, ते करायचं नाहीये. बंद टाकीत गरम मिथेनॉल आणि वाट नाही, हा तर विचारच नको.

यावर दोन पर्याय डोक्यात आहेत.

एक म्हणजे हीटर बसतो ती खालची फ्लँज बदलायची, जाड लोखंडी प्लेट कापून तिला वेल्डरकडून एक जास्तीचा पाइप लावून घ्यायचा जो आतून टाकीच्या छतापर्यंत जाईल, तोच व्हेंट. रबरी गॅस्केटच्या जागी टेफ्लॉनची. हीटर जागच्या जागी राहतो, तेल आतच तापवायचं आणि मिथेनॉल सोडण्याआधी प्लग काढून बाजूला ठेवायचा. यात मला खटकतंय ते एवढंच की वीज आणि मिथेनॉल एकाच टाकीवर राहतात, आज मी प्लग काढीन, पण उद्या घरातलं दुसरं कोणी स्विच लावला तर काय.

दुसरा म्हणजे टाकीच उलटी करायची. मग लांब पाइपाचं तोंड तळाजवळ येतं, आखूड पाइप वर येतो, फ्लँजही वर येते. लांबातून ओढायचं, आखुडातून परत सोडायचं, आणि फ्लँजवर व्हेंट, तेल ओतायचं तोंड, थर्मामीटरची नळी असं सगळं बसतं. हीटर कायमचा काढायचा, तेल वेगळ्या भांड्यात ६० अंशांपर्यंत तापवायचं, तेव्हा आसपास मिथेनॉल नाहीच, मग टाकीत घ्यायचं. पफ असल्यामुळे उष्णता टिकेल. व्हेंटला व्हॉल्व्ह लावणार नाही, सतत उघडा, नळी बाहेर मोकळ्या हवेत उंचावर नेलेली.

माझा कल उलट्या टाकीकडे आहे. पण यात सक्शनचा पाइप टाकीतून वर येऊन मग खाली पंपाकडे उतरतो, म्हणजे सायफन धरून राहायला पाहिजे. सुरुवातीला फक्त तेल असतं तोवर पंप भरून घेता येईल, पण नंतर गरम मिथेनॉल ओढताना त्या वळणावर वाफेचे बुडबुडे धरले तर पंप ओढणं सोडेल का? ज्यांनी असं वरून सक्शन घेतलंय त्यांनी कृपया सांगा. तापमान ५५ ऐवजी ५० वर ठेवून जास्त वेळ फिरवलं तर हे टळेल का?

दुसरं, मेथॉक्साइड, म्हणजे पोटॅश विरघळवलेलं मिथेनॉल. झाकणाच्या एचडीपीई कॅनमधून, पंपाच्या सक्शनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून, बारीक व्हॉल्व्हने हळूहळू ओढून घ्यायचा विचार आहे, म्हणजे पंपातच घुसळून पुढे जाईल आणि कुठेही उघडं ओतायला नको. पण सायफन असलेल्या लाइनवर टी म्हणजे हवा शिरायची आणखी एक जागा. कॅन रिकामा व्हायच्या आत व्हॉल्व्ह बंद करीनच, तरी टी वळणाच्या आधी घ्यावा की पंपाला लागून खाली? मला खाली बरं वाटतंय कारण तिथे दाब थोडा जास्त असतो.

पंपाचं सील नायट्राइलचं आहे, ते फुगतं असं सगळीकडे वाचलं, व्हायटॉनचं बसवतोय. बॉडी बिडाची आहे, अ‍ॅल्युमिनियमची मुद्दाम टाळली कारण कॉस्टिक ती खातं. इम्पेलर पितळी आहे. पितळ तेलात कायम बुडून राहिलं तर इंधन लवकर खराब होतं हे माहितीये, पण इथे बॅचपुरताच संबंध, तर चालवून घ्यावं का बदलावा?

रिअ‍ॅक्शनमध्ये सुटून तळाला बसणारं ग्लिसरीन काढायचं बघितलं तर टाकीचा तळ गोलाकार आहे आणि लांब पाइप मध्यावर नाही, थोडा बाजूला आहे. टाकी त्या बाजूला कलती ठेवली की ग्लिसरीन पाइपाच्या तोंडाशी येईल असं वाटतं, आणि पोटॅशचं ग्लिसरीन पातळच राहतं त्यामुळे पंपाने निघावं. पोटॅशऐवजी कॉस्टिक सोडा वापरणाऱ्यांचं गार झाल्यावर घट्ट होतं, त्यांना ही रचना जमणार नाही.

धुणं आणि वाळवणं माझं व्यवस्थित चालू आहे, तिकडे सध्या काही बदलत नाहीये.

वेल्डरकडे प्लेट द्यायची थांबवून ठेवलीये, त्यामुळे सरळ की उलटी एवढं तरी लवकर कळलं तर फार बरं होईल. आतल्या पाइपांचं मोजमाप घेऊन ठेवलंय, कोणाला लागलं तर स्केच काढून टाकतो.