मदत हवी आहे: मुंबईत खात्रीची जिवाणू खतं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडला राहतो. गावाकडे भाऊ यंदा सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं लावणार आहे. रायझोबियममुळे हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत धरलं जातं, पीएसबीमुळे मातीत अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं होतं. युरिया-डीएपी या रासायनिक खतांचा खर्च थोडा तरी वाचेल. पण हल्ली मागणी इतकी, की तालुक्याच्या दुकानात चांगला माल लगेच संपतो. उरलेली पाकिटं पत्र्याखाली तापत पडलेली! जिवाणू मेले की ती नुसती काळी भुकटी.

मुंबई-ठाण्यात सावलीत ठेवलेलं, ताज्या तारखेचं द्रवरूप खत कुठे मिळेल? एसटीने नेताना बाटल्या उन्हापासून कशा जपायच्या? बियाण्याला बुरशीनाशक आधी लावलं तर किती वेळाने हे जिवाणू खत चोळायचं? पेरणी तोंडावर आहे, अनुभवी मंडळींनी कृपया लवकर सांगा.