'परवा'ला कोरियनमध्ये काय म्हणतात?

प्रश्न : चार महिने झाले कोरियन शिकतेय, हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता येतं आता, पण दिवसांच्या शब्दांत सारखी अडकते. काल टीचरना सांगायचं होतं की परवा मला क्लासला येता आलं नाही, तर मी मोरे म्हणाले, आणि त्या म्हणाल्या अगं मोरे अजून यायचाय! मग आपल्या परवाला नक्की शब्द कुठला? आणि वार पाठ करायला काही युक्ती आहे का?

प्रतिसाद : ताई, आपला परवा दोन्हीकडे चालतो, आला की येणार ते क्रियापदावरून कळतं. कोरियनमध्ये दोन शब्द वेगळेच. होऊन गेलेला परवा म्हणजे गुजोक्के, बोलताना नुसतं गुजे पण म्हणतात, आणि यायचा तो मोरे. आपला तेरवा असतो ना, मोरेच्या पुढचा, त्यालाही शब्द आहे, गुल्पी. मला हे फार आवडतं, कारण हल्ली आपल्याकडे तेरवा म्हणणारे कमी झालेत. बाकी काल ओजे, आज ओनुल, उद्या नेइल. यातला नेइल तेवढा चिनीतून आलेला, म्हणजे 'येणारा दिवस', ओजे आणि ओनुल देशी.

वारांचं तर आपल्याला खूप सोपंय. वोर्योइल मधला वोल म्हणजे चंद्र, आपला सोम. पुढे ह्वा म्हणजे आग, सु पाणी, मोक लाकूड, गुम सोनं किंवा धातू, थो माती आणि शेवटी इल सूर्य, प्रत्येकाला योइल जोडायचं. आता चिनी परंपरेत मंगळ हा आगीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा, म्हणजे क्रम अगदी आपलाच सोम ते रवी! मंगळाला आपण अंगारक म्हणतो, तो निखारा आठवला की ह्वायोइल चुकत नाही.

प्रतिसाद २ : दिवस मोजायचे शब्द पण आत्ताच शिकून घ्या, तिथे मोठी गडबड होते. एक दिवस हारू, दोन इतुल, तीन साहुल, चार नाहुल, दहा योरुल, पंधरा बोरुम (बोरुम म्हणजे पौर्णिमा पण, आपल्या पंधरवड्यासारखंच चंद्रावरून). कोरियनमध्ये आकडे दोन तऱ्हेचे, देशी आणि चिनीतून आलेले. त्या चिनी आकड्यांत सा म्हणजे चार, म्हणून साहुल ऐकलं की चार दिवस वाटतात, पण ते तीन. २०२० मध्ये कोरियन सरकारने १७ ऑगस्टला जादा सुट्टी दिली, १५ पासून सलग तीन दिवस झाले, बातम्यांत साहुल छापून आलं आणि खुद्द कोरियन लोकांनीच विचारलं की तीन दिवसांच्या सुट्टीला चार का म्हणताय, आणि तो शब्द इंटरनेटवर शोधणाऱ्यांची रीघ लागली. त्यामुळे तुम्ही चुकलात तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

घड्याळातही असंच, तास देशी आकड्यांनी आणि मिनिटं चिनी आकड्यांनी. तीन वाजून दहा मिनिटं म्हणजे से शी शिप पुन, एकाच वाक्यात दोन्ही मोजण्या. पण अर्ध्या तासाला सगळीकडे बान, हान शी बान म्हणजे दीड, दु शी बान अडीच, दीड-अडीचला वेगळे शब्द नाहीत.

प्रश्नकर्ती : केवढं सांगितलंत, खूप आभार! आता एकच, वारांना 'ए' प्रत्यय लावतात तसा कालला पण लावायचा का?

प्रतिसाद : नाही. मराठी आठवा, आपण सोमवारी म्हणतो, शुक्रवारी म्हणतो, पण काल, आज, उद्या तसेच ठेवतो. तिथेही वोर्योइरे म्हणजे सोमवारी, पण ओजे, ओनुल, नेइल, मोरे, गुजोक्के यांना 'ए' नाही.

प्रश्नकर्ती : मग हे बरोबर का, गुजोक्के सुओबे मोत गास्सोयो (परवा क्लासला जाता आलं नाही)?

प्रतिसाद २ : वाक्य एकदम बरोबर, फक्त बोलताना मोतच्या पुढचा ग कडक होतो, मोत क्कास्सोयो असं म्हणा.