स्टेरॉइडने जीव वाचवले की डोळे घेतले?

रानवारा: ‘करोनात स्टेरॉइड दिलेच नसते, तर म्युकर (काळी बुरशी) झालाच नसता,’ असे काल एका सदस्याने येथे लिहिले, ते वाचून गप्प बसवेना. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, तीही फार तर १० दिवस. माझे थोरले काका याच औषधावर तरले.

शुभदा: तुमचे काका तरले, माझ्या आईचा डावा डोळा काढावा लागला. एप्रिल २०२१ मध्ये तिचा ऑक्सिजन ९६ असताना तापाच्या दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवडे चालल्या. स्टेरॉइडने शुगर वाढते आणि मधुमेहाची नोंद कागदावर होती, तरी शुगर तपासा, असे कोणी म्हणाले नाही. गाल बधिर होऊन नाकातून काळपट स्राव आला, तेव्हा शुगर ४१० निघाली.

रानवारा: ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांना त्या चाचणीत फायदा दिसलाच नव्हता. आईंना ते द्यायलाच नको होते. दोष औषधाचा नव्हे, देणाऱ्याचा.

जुना वाचक: देणारा म्हणजे कोण? माझे तालुक्याला मेडिकल आहे. शेजाऱ्याला लिहून दिलेली चिठ्ठी मोबाइलवर दाखवून लोक डेक्सा मागत. नाही म्हटले, तर ‘माणूस मेल्यावर देणार का?’ असे ओरडत.

शुभदा: आणि तुम्ही देत होतात! चिठ्ठीवरचे नाव तरी वाचत होतात का?

जुना वाचक: पहिले काही दिवस दिल्या. चुकलेच. पण रात्री अकराला शटर वाजवणाऱ्याला डॉक्टर कुठे दाखवायचा, हेही सांगा.

रानवारा: तालुक्याला डॉक्टर नाही, म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध देणे समर्थनीय ठरत नाही.

शुभदा: पुढे बुरशीसाठी अँफोटेरिसिन हे औषध लागले. त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितले; मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन सतत तपासले, ते वाढल्यावर दोन दिवस औषध थांबवले. धोका कळूनही आम्ही सही केली, कारण कोणीतरी मोजत होते. गोळ्यांच्या वेळी कोणीच मोजत नव्हते. ऑक्सिजनवरील रुग्णाला स्टेरॉइड द्यावे, एवढे मी मान्य करते. आईसमोर मात्र हे माझ्याने बोलवणार नाही.