बोअरच्या पाण्यातलं शिसं 'सर्स'ने शोधायचंय, सल्ला हवा

यावलचा_केमिस्ट: राम राम मंडळी. जळगावात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात शिसं आहे का, हे 'सर्स'ने, म्हणजे चांदीच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) रामन (लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायची पद्धत) घेऊन बघायचंय. बोरोहायड्राइड या रसायनाने केलेलं कोलॉइड (पाण्यात तरंगणारे चांदीचे कण) छान पिवळं आलं, पण त्यात शिशाचं द्रावण टाकून ७८५ नॅनोमीटरच्या लेसरखाली धरलं तर नुसती सपाट रेषा. लेसर वाढवू का?

तापीकाठ: भाऊ, लेसर वाढवून चांदी जळेल, शिसं नाही दिसणार. रामनमध्ये दिसतं ते बंधाचं कंपन. शिशाच्या एकट्या आयनाला (विद्युतभारित अणूला) बंधच नाही, तर तो थरथरणार कसा? १९७४ साली फ्लाइशमन मंडळींनी खडबडीत चांदीवर जे पाहिलं, तेही पिरिडिन नावाच्या रेणूचं कंपन होतं. तुला मध्ये दुभाष्या लागेल. ४-मर्कॅप्टोबेन्झोइक आम्ल घे. गंधकाच्या टोकाने ते चांदीला चिकटतं, दुसऱ्या टोकाने शिसं धरतं. १४०० सेंमी⁻¹ च्या आसपासची कार्बोक्सिलेटची (शिसं धरणाऱ्या त्या टोकाची) पट्टी बघ आणि तिचं १०७५ च्या, शिशाने फारशी न बदलणाऱ्या रेषेशी गुणोत्तर काढ.

यावलचा_केमिस्ट: ताई, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात जमलं! पण बोअरच्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पिवळं कोलॉइड डोळ्यांदेखत करडं झालं. पंधरा मिनिटांत तळाशी काळा गाळ.

मेहरूणचा_मास्तर: क्षार, दुसरं काय. आपलं पाणी किती जड आहे ते घरच्या गिझरला विचार. कण थोडे जवळ आले तर सिग्नल वाढतो, पण हे तर सगळे एकमेकांना मिठी मारून बसले. त्यात कॅल्शियमही त्याच कार्बोक्सिलेटला जाऊन बसतं. लिटरमागे कॅल्शियम १०० मिलिग्रॅम धर. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १०,००० पट गर्दीत एक माणूस शोधायचा. शुद्ध पाण्यातल्या आलेखावरून बोअरचा आकडा काढूच नको. त्याच बोअरच्या पाण्यात ठराविक शिसं वाढवत जा, प्रत्येक वेळी कोऱ्या (शिसं न घातलेल्या) नमुन्यासकट. तरीही रेषा हलली नाही तर ही पद्धत या पाण्याला चालत नाही, असंच प्रबंधात लिही. त्यात कमीपणा नाही.

तापीकाठ: मास्तरांशी सहमत. पारा असता तर थायमिनवाला (थायमिन हा डीएनएचा एक घटक) डीएनए वापरून बरीच निवड करता आली असती, दोन थायमिन मध्ये पारा घट्ट धरतात. शिशाला एवढं सोपं नाही. आणि काचेची भांडी ॲक्वा रेजियाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलीस ना? धूरपेटीतच कर हो. मेच्या उन्हात कोलॉइड टेबलावर ठेवू नको, तपकिरी बाटलीत भरून फ्रिजमध्ये टाक.

मेहरूणचा_मास्तर: आणि आयसीपी-एमएसने (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) पडताळल्याशिवाय बोअरमालकाला काही बोलू नको.

यावलचा_केमिस्ट: सर, एका काकांना बोलून बसलोय. कालपासून ते शेजाऱ्याच्या बोअरवरून हंडे भरतायत. त्या शेजाऱ्याच्या पाण्याचा नमुना अजून तपासलेलाच नाही. उद्या दोन्ही बाटल्या घेऊन येतो.