थायरॉइडचे डोळे आणि ‘स्टेरॉइडला हात लावू नका’ ही पोस्ट

धरमपेठची वाचक (रात्री 11:40)

परवा ‘जगनाडे चौक’ यांनी इथे लिहिलं की थायरॉइडने डोळे बाहेर आले असतील तर स्टेरॉइडला हात लावू नका, 2021 मध्ये नागपुरात याच औषधाने लोकांचे डोळे गेले. अमेरिकेत डोळे आत नेणारं इंजेक्शन निघालंय आणि आपले डॉक्टर ते लपवतात, असंही लिहिलं. खाली कितीतरी जणांनी हात जोडून आभार मानले. मला ते वाचून झोप लागेना.

मला ग्रेव्ह्ज आहे, म्हणजे थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त चालण्याचा आजार. दिवाळीच्या फोटोत माझे डोळे वटारल्यासारखे दिसले, तेव्हा पहिल्यांदा कळलं. डोळ्याची खोबण चारी बाजूंनी हाडाची, उघडी फक्त समोरून. आतली चरबी आणि स्नायू सुजले की डोळ्याला पुढे सरकण्यावाचून वाट नसते. बाहेर आलेला डोळा निदान आरशात दिसतो. मागे नजरेची नस दाबली जाते ती कोणालाच दिसत नाही. सुजेचा जोर साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो. नंतर सगळं घट्ट होऊन बसतं, मग स्टेरॉइडचा फारसा उपयोग नाही, बहुधा ऑपरेशनच उरतं. आमच्या शेजारच्या काकूंनी भीतीपोटी तेच दिवस घालवले. आता त्यांना एकाचे दोन दिसतात, जिना उतरताना एक डोळा पदराने झाकून घेतात.

मला सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या, आठवड्याला एक अशा बारा सलाइन लागल्या. सहा 500 मिलिग्रॅमच्या, सहा 250 च्या, एकूण साडेचार ग्रॅम. दर वेळी आधी शुगर आणि बीपी, मधून मधून लिव्हरची तपासणी. झोप उडाली, तोंड सुजलं, घरच्यांवर खेकसले. डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत हेही सांगते. पण ठणका आणि लाली गेली, नजर शाबूत आहे.

आता ते इंजेक्शन. टेप्रोटुमुमॅब. अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मंजूर झालं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. 83 रुग्णांच्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी 83 टक्के लोकांचा डोळा निदान 2 मिलिमीटर मागे गेला, औषधाविना सलाइन मिळालेल्यांत 10 टक्के. निकाल जबरदस्त आहे, मी नाकारत नाही. पण नस दाबली जाऊन नजर कमी झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. शुगर त्यानेही वाढते, काहींना ऐकू कमी येतं, आणि तिथे पूर्ण कोर्सची किंमत दोन लाख डॉलरच्या वर जाते. ज्याची नस आज दाबली जातेय त्याला ‘त्या इंजेक्शनची वाट पाहा’ म्हणणं म्हणजे त्याची नजर घालवणं.

जगनाडे चौक (रात्री 12:15)

ताई, तुमची नजर वाचली, आनंद आहे. माझ्या भावाचा डोळा गेला.

एप्रिल 2021. वय 41. कोविड झाला, पण घरीच होता, ऑक्सिजन 96. एका डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या, त्यात स्टेरॉइड. शुगर एकदाही तपासली नाही, त्याला शुगर आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं. बाराव्या दिवशी गाल बधिर झाला, नाकातून काळं आलं, मग पापणी पडली. काळी बुरशी, म्युकर. त्यावरच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी मी उन्हात अख्खं शहर पालथं घातलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, डोळा काढला नाही तर मेंदूत जाईल. सही मी केली.

आता बायकोला थायरॉइडचे डोळे, आणि कागदावर पुन्हा तेच औषध. तुम्ही ग्रॅम मोजून राहिल्या, मी रोज जेवताना समोर भावाचा चेहरा पाहतो.

काटोलवाला

भाऊ बरोबर सांगून राहिले. माह्या पोराचे डोळे दर उन्हाळ्यात खाजत. मेडिकलवाल्यानं एक थेंबाची बाटली देली, स्टेरॉइडची, दोन दिवसांत आराम. मंग काय, दोन वर्षं तेच. पोरगं स्वतःच दुकानात जाऊन आणे. दहावीत फळ्याच्या बाजूचं दिसेना तवा नागपूरले आणलं, तं डोळ्याचं प्रेशर वाढलेलं, काचबिंदू म्हणे. गेलेली नजर वापस येत नाही. चिठ्ठीशिवाय ते थेंब इकणाऱ्याचं दुकान बंद करा आधी. तुमचं संशोधन मंग सांगा.

धरमपेठची वाचक

काटोलवाले भाऊ, तुमच्या मुलाचं फार वाईट झालं. पण ते थेंब दोन वर्षं कोणी न तपासता चालू होते. मी लिहितेय ते वेगळं आहे.

काटोलवाला

येगळं कसं? औषध तेच ना!

रेसिडेन्ट

मी या विषयात शिकतोय. भावना समजतात, पण आकडे बघा. देशभरातल्या 2826 कोविड-म्युकर रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये छापून आला. 78 टक्के रुग्णांना मधुमेह होता. रक्तात साखर वाढली, आम्लता वाढली की बुरशीला लोह मोकळं मिळतं आणि ती रक्तवाहिन्यांतूनच वाढत जाते. स्टेरॉइड एकटं गुन्हेगार नाही.

जगनाडे चौक

‘भावना समजतात’ म्हणू नका. त्याच अभ्यासात स्टेरॉइड किती जणांना दिलं होतं ते का गाळलं? मीही वाचलाय. रात्र रात्र वाचलाय.

रेसिडेन्ट

87 टक्के. गाळायला नको होतं.

जगनाडे चौक

आणि ऑक्सिजन लागला होता 57 टक्क्यांना. वजाबाकी करा. शंभरातल्या निदान तीस जणांना ऑक्सिजन लागला नसताना स्टेरॉइड दिलं. माझा भाऊ त्या तिसांतला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्येच सांगितलं होतं की ऑक्सिजनवर असलेल्यांनाच फायदा, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. दहा महिने आधी! मग आमच्या घरात ते का आलं? याचं उत्तर मला आजवर एकाही डॉक्टरने दिलं नाही.

इतवारीकर

इतकं कशाला? सेलेनियमच्या गोळ्या घ्या. मावशीचे डोळे सहा महिन्यांत उतरले.

रेसिडेन्ट

सेलेनियमची 2011 ची चाचणी फक्त सौम्य आजारावर होती, तीही युरोपात. बाहेर आलेल्या, दुखणाऱ्या डोळ्यांवर तेवढ्याने भागणार नाही. त्यापेक्षा घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती आधी सुटायला हवी. धुराने हा आजार बळावतो, उपचारही कमी लागू पडतात.

निवृत्त सिस्टर (दुपारी 3:05)

मी मे 2021 मध्ये म्युकरच्या वॉर्डात होते. नाकाच्या सायनस आणि खोबण यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. बुरशी तिथूनच डोळ्याकडे शिरायची. सकाळी लाल दिसलेली पापणी संध्याकाळी काळी. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये अँफोटेरिसिन बनायला लागलं ते मे संपता संपता. त्याआधीचे दिवस मला आठवायचे नाहीत.

आणि थायरॉइडच्या पेशंटला औषधाने नस सुटली नाही तर सर्जन तेच पातळ हाड मुद्दाम काढतात, म्हणजे सुजलेल्या स्नायूंना सायनसमध्ये जागा मिळते. मी दोन्ही ऑपरेशनांत उभी राहिलेय. पहिल्यात डोळा जातो, दुसऱ्यात वाचतो.

जगनाडे चौक दादा, तुमच्या प्रश्नाला उत्तर मी देते. त्या दिवसांत घाबरून लिहिलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. शुगरचा रकाना कोरा. चूक झाली होती. आमच्यातल्या कोणीतरी ती तुमच्यासमोर कबूल करायला हवी होती. पण त्या चुकीची शिक्षा तुमच्या बायकोला देऊ नका.

धरमपेठची वाचक

मी एवढं लांब लिहिलं, पण 2021 बद्दल एक वाक्यही लिहिलं नाही. नागपुरात राहून हे सुटायला नको होतं. तुमची भीती अडाणीपणाची आहे असं माझ्या लिहिण्यातून आलं असेल तर ते चूक आहे. स्टेरॉइडबद्दल मात्र मी एक शब्द मागे घेत नाही.

जगनाडे चौक (रात्री 9:20)

घेऊ नका. मीही भावाबद्दल घेत नाही.

सिस्टर, पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी ‘चूक झाली’ म्हणालं.

पोस्ट काढत नाही. ‘हात लावू नका’ हे वाक्य काढलं. तिथे लिहिलंय, ‘शुगर न तपासता, देखरेखीशिवाय घेऊ नका’. इंजेक्शन लपवतात हेही काढलं. बायकोची तपासणी पुढच्या महिन्यात ठरली आहे, तेव्हा विचारतो.

काटोलवाला

थेंबांचंही लिवा त्या पोस्टीत.

निवृत्त सिस्टर (रात्री 9:40)

दादा, पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आत्ता वहिनींना एक डोळा झाकून लाल रंगाचं काहीतरी दाखवा, मग दुसरा डोळा झाकून तेच. दोन्हींना सारखं लाल दिसतं का विचारा. नस दाबली गेली की आधी रंग फिके होतात.

जगनाडे चौक (रात्री 10:02)

कुंकवाची डबी दाखवली. डाव्याने लाल दिसतं म्हणते. उजव्याने विटकरी. तीन-चार आठवड्यांपासून तसंच आहे म्हणे, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बोलली नाही.

निवृत्त सिस्टर (रात्री 10:03)

निघा. आत्ता. जवळ नेत्रविभाग असलेलं जे मोठं हॉस्पिटल असेल त्याच्या कॅज्युअल्टीत जा आणि ‘उजव्या डोळ्याने रंग फिके दिसतात, थायरॉइड आहे’ हे पहिलं वाक्य सांगा. शुगरचा जुना रिपोर्ट असेल तर सोबत घ्या.

धरमपेठची वाचक (रात्री 10:05)

मी जागी आहे. गाडी नसेल तर निरोप टाका, आम्ही येतो.

जगनाडे चौक (रात्री 10:11)

भाऊ गाडी काढतोय.