भारतातल्या मिक्सरला लंडनमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज की १३ चा?

भारतातून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर इथे वापरायचाय. ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर तापायला लागला, म्हणून तो काढून वायरीला इथला चौकोनी पिनांचा, आतच फ्यूज असलेला प्लग बसवला. तपकिरी वायर फ्यूजच्या बाजूला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थिंगला. क्लॅम्पही पक्का आवळलाय. पण ३ अँपिअरचा फ्यूज घट्ट वाटण घातलं की उडतो. मोटर मोकळी फिरते, जळका वास नाही.

२३० व्होल्टला हिशोब सव्वातीन अँपिअरचा येतो, सुरू होतानाचा झटका वेगळाच. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, म्हणून सरळ १३ चा टाकायला मन धजत नाही. फ्यूज वायर वाचवायलाच असतो ना! घरात लहान मुलं आहेत, जुगाड नकोच.

५ चा फ्यूज झटका सोसेल का, की वायरच जाड घालून १३ चा टाकावा?