विल्सन्स प्रॉम: लेकीसोबत पाठीवर टेंट घेऊन मुक्काम, ओबेरॉन बे की सीलर्स कोव्ह?

भटकी_सावली
नमस्कार मंडळी. पुण्यात असताना राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड भरपूर केलेत. आता मेलबर्नला असतो. ईस्टरच्या सुट्टीत नवरा, मी आणि अकरा वर्षांची लेक विल्सन्स प्रोमॉन्टरीला, म्हणजे समुद्रकाठच्या ‘प्रॉम’ राष्ट्रीय उद्यानात, जायचं म्हणतोय. टायडल रिव्हरच्या मोठ्या कॅम्पवर राहून झालंय, पण तिथे गाडी शेजारी, गरम पाणी, दुकान, सगळंच असतं. या वेळी चालत जाऊन समुद्रकाठी टेंट टाकायचाय. लेक सात-आठ किमी आरामात चालते, पण पाठीवर सॅक घेऊन अजून नाही. कुठे जावं? पाणी, जेवण, जनावरं याबद्दलही सांगा.

गिप्सलँडकर
ताई, पहिल्या वेळी ओबेरॉन बे. टायडल रिव्हरहून निघायचं, नॉर्मन बेची पुळण तुडवायची, टोकाला वळसा घालून लिटल ओबेरॉन बे आणि मग मोठा ओबेरॉन. साधारण साडेसहा-सात किमी. लेक दमली तर त्याच वाटेनं परत फिरता येतं, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं.

परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो आणि ईस्टरच्या जागा फार लवकर संपतात, तेव्हा आजच बघा. वादळपावसानंतर वाटा बंदही ठेवतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या सूचना पुन्हा वाचा. २०११च्या मार्चमध्ये इथे असा पाऊस झाला की पूल वाहून गेला आणि टायडल रिव्हरच्या लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं.

डोंगरपावलं
ओबेरॉन छान आहे, पण मी सीलर्स कोव्हच्याच बाजूनं. टेलिग्राफ सॅडलच्या गाडीतळाहून एका बाजूनं १० किमी. आधी खिंडीपर्यंत चढ, मग नेचे आणि उंच झाडांचं ओलं जंगल, शेवटी दलदलीवरचा लाकडी मार्ग, आणि एकदम समोर समुद्र. सह्याद्रीत चढलेल्या माणसाला ती वाट जड नाही. दोन रात्री असतील तर पुढे रेफ्यूज कोव्हही होतं.

गिप्सलँडकर
वाट जड नाहीच, प्रश्न भरतीचा आहे. सीलर्सला पुळणीवर उतरलात की मुक्काम दक्षिण टोकाला, सीलर्स क्रीकच्या पलीकडे. पूल नाही. ओहोटीला पाणी पोटरीपर्यंत, भरतीला मोठ्या माणसाच्या कमरेला लागतं. अकरा वर्षांच्या मुलीला सॅकसकट त्यात उतरवू नये. त्यात एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारची ओहोटी असेल तरच सीलर्सचा विचार करा. ओबेरॉनच्या वाटेवरही ओढा आहे, तिथेही भरतीची वेळ बघूनच जा.

डोंगरपावलं
हे मान्य. भरतीचं गणित जुळत नसेल तर ओबेरॉनच.

भटकी_सावली
दोघांचेही आभार! जेवणाचं काय करता? शेकोटी चालते का?

मीठभाकर
शेकोटी अजिबात नाही, फक्त स्टोव्ह. २००९च्या वणव्यात उद्यानाचा केवढा तरी भाग जळाला, त्यामुळे नियम मनापासून पाळा. टोटल फायर बॅनच्या, म्हणजे आगीवर पूर्ण बंदी असलेल्या दिवशी स्टोव्हही पेटवायचा नाही, म्हणून एक दिवसाचं न शिजवता खायचं जेवण नेहमी वेगळं बांधते: दशम्या, गुळपापडी, सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी. बाकी मुगाची खिचडी आणि मेतकूट भात. तांदूळ-डाळ घरीच धुऊन, वाळवून, थोडी भाजून न्या, गॅस कमी लागतो.

पाणी ओढ्याचं. चहासारखं तांबूस दिसतं. झाडपाल्याचा अर्क उतरलेला असतो, त्याला घाबरू नका. पण उकळून किंवा फिल्टर करूनच प्या. दुष्काळी वर्षी ओढे आटतात, म्हणून चालतानाचं पाणी सोबत हवंच.

आपल्याकडे गडाखाली गाव असतं, कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते. इथे विसरलेली काडेपेटीसुद्धा मिळणार नाही. आणि कचरा सगळा परत आणायचा, चहाची पूडसुद्धा.

गिप्सलँडकर
खाणं टेंटमध्ये ठेवू नका. वोंबॅट (इथला गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी) वासानं टेंट फाडतो, उंदीर सॅक कुरतडतात, आणि करावाँग नावाचे काळे पक्षी चोचीनं चेन उघडतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय: पक्ष्यानं चेनची दोरी धरली, दोन हिसके दिले आणि बिस्किटांचा पुडा बाहेर. घट्ट झाकणाचा कडक डबा न्या. लेकीला सांगा, कुणालाही भरवायचं नाही, कितीही गोड दिसलं तरी.

रानपाखरू
सापांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. टायगर स्नेक इथे आहेत आणि ईस्टरला उन्हं असली तर वाटेवर पडलेले दिसतात. दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. प्रत्येकाकडे रुंद इलॅस्टिक बँडेज हवं. चावलाच तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही. चावलेल्या अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट पट्टी बांधून माणसाला तिथेच आडवं ठेवायचं. फोनला बरीचशी रेंज नसते, त्यामुळे उपग्रहावरून मदत मागणारा बीकन भाड्यानं घ्या.

आणि वाटेच्या सुरुवातीला बूट घासायचा ब्रश दिसला तर खरंच घासा. मातीतून फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू पसरतो आणि झाडांची मुळं कुजवतो.

भटकी_सावली
ठरलं, ओबेरॉन बे, एकच रात्र. पुढच्या रविवारी लेकीला सॅक देऊन डँडेनाँगच्या डोंगरांत चालवून बघते. तिला किती वजन द्यावं?

गिप्सलँडकर
स्लीपिंग बॅग, तिचे कपडे आणि पाण्याची बाटली, बस. टेंट, स्टोव्ह तुम्ही दोघं वाटून घ्या. परवान्याची तारीख मिळाली की इथे टाका, त्या दिवशीच्या ओहोटीप्रमाणे निघायची वेळ काढून देतो.